राखेखालचीं माणसें

आगाशीस आमचें जुनें घर आहे. घरामागें केळींची वाडी, वाडीच्या कडेस विहीर व विहिरीपलीकडे गोठा, ही मांडणी अजून बरीचशी पूर्वींसारखीच आहे. गेल्या वैशाखांत गोठ्याच्या जागीं एक खोली बांधावी असें ठरलें आणि पायासाठीं चर खणण्यास गडी लागले. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही सहज चराशीं जाऊन उभे राहिलों, तों कापलेल्या मातींत हातभर खालीं करड्या रंगाची एक रेघ आम्हांस दिसली. जाडी दीड बोटाची, पण लांबी चांगली चार-पांच हात. वरच्या काळ्या मातीपासून व खालच्या शिंपल्यांच्या रेतीपासून ती अगदीं निराळी उठून दिसत होती. बोटानें उकरून पाहिली तर ती राख निघाली.

घरांत येऊन आम्हीं ही गोष्ट आत्याबाईंच्या कानावर घातली. आत्याबाईंना आतां शहाऐंशीवें वर्ष चालू आहे. दृष्टि मंदावली असली तरी स्मरण खणखणीत आहे. क्षणभर विचार करून त्या म्हणाल्या, “अरे, ती आपल्या अण्णाच्या मुंजीची राख. गोठा तेव्हां कुठला? तेथेंच चुलाणें खणलीं होतीं. चार दिवस पंक्ति उठत होत्या. मग पावसाच्या आधीं बाबांनीं ती राख तेथल्या तेथेंच पसरली नि वर माती ओढली.” हिशेब केला तेव्हां ही गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वींची निघाली. चरांत त्या रेघेच्या खालीं बांगडीचे तीन तुकडे व एक झिजलेला तांब्याचा पैसा मिळाला होता. त्यांवर साल दिसत नव्हतें. पण ते ऐंशी वर्षांहून जुने, हें आतां आपोआपच ठरलें. रेघेच्या वर सांपडेल तें मुंजीनंतरचें, खालीं सांपडेल तें मुंजीपूर्वींचें, इतका सोपा हा न्याय.

परंतु दोन दिवसांनीं या न्यायानें आमची फजिती केली. चराचें दुसरें टोंक एका नारळीच्या जुन्या आळ्यांतून गेलें. तेथेंहि तीच राख होती, उलट वीतभर जाड होती. आणि तिच्याखालीं निघालें एका बॉलपेनचें निळें टोपण! आमचा नातू टाळ्या पिटून म्हणाला, “म्हणजे अण्णा पणजोबांच्या मुंजींत बॉलपेन होतें!” आत्याबाई हंसल्या. नारळीस राख चांगली, म्हणून मागाहून केव्हां तरी कोणीं तरी तीच जुनी राख उकरून आळ्यांत लोटली होती. राख जुनीच होती. त्या जागेस मात्र ती नवी होती.

हें घरगुती उदाहरण येथें देण्याचें कारण इतकेंच कीं, मनुष्यजातीच्या अत्यंत प्राचीन काळाचा शोध करणारे पंडित नेमक्या याच रीतीनें काम करतात व नेमक्या याच फसगतीस भितात. त्यांची मुंज मात्र जरा मोठी आहे. ती सुमारें चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीं सुमात्रा बेटांत लागली, आणि तिची राख आपल्या मोरगांवापर्यंत येऊन पडली.

आमच्या वसई प्रांतांत जुनें म्हटलें कीं सोपारा आठवतो. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील बुरुडराजाच्या कोटाचा स्तूप उघडला, व त्याच सालीं अशोकाच्या शिलाशासनाचा एक तुकडाहि तेथें मिळाला. तेव्हांपासून बावीसशें वर्षें ही आमच्या अभिमानाची परिसीमा होऊन बसली आहे. परंतु विरारास आगगाडींत बसून दक्षिणेस जावें, तों तासाच्या आंत कांदिवली लागते. तेथील खाणींत टॉड नांवाच्या आरमारी अधिकाऱ्यास आदिमानवाचीं दगडी हत्यारें सांपडलीं व मुंबईच्या पुराश्मयुगावरील आपला निबंध त्यानें १९३९ सालीं प्रसिद्ध केला. त्या हत्यारांपुढें अशोक म्हणजे कालचा गृहस्थ. पण तीं किती जुनीं, हें कसें ठरवावें? ताम्रपटावर शक असतो, नाण्यावर राजाचें नांव असतें. दगडाच्या हातकुऱ्हाडीवर घडविणाऱ्याच्या हाताखेरीज दुसरी कसलीच खूण नसते. कोळशावरून काळ मोजण्याची जी कार्बनची रीति आहे, ती पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे पांगळी होते. अशा वेळीं मातीच्या थरांत एखादी राखेची रेघ मिळाली, आणि ती कोणत्या उद्रेकाची हें कळलें, तर संशोधकास जो आनंद होतो तो आमच्या चराच्या कांठीं आम्हांसहि थोडासा झाला होता.

ज्वालामुखीच्या या द्रव्यास आपण राख म्हणतों खरे, पण लाकूड जळून चुलींत उरते तशी ही राख नव्हे. ही वस्तुतः कांच आहे. भूगर्भांतील तप्त रस वर येतां येतां त्यांतील वायु बुडबुड्यांच्या रूपानें फुगूं लागतो, आणि सोडावॉटरची बाटली उघडावी त्याप्रमाणें सारा रस फेंसाळून फुटतो. बुडबुड्यांच्या पातळ भिंतींचे तुकडे आकाशांत उडतांच थिजतात व त्यांची कांच होते. सूक्ष्मदर्शकाखालीं हे कण फुटक्या बांगडीसारखे बांकदार, तर कधीं गलोलीच्या बेचक्यासारखे तिफांटी दिसतात. प्रत्येक ज्वालामुखीच्या रसांत सिलिका, पोटॅशियम, लोह इत्यादि द्रव्यांचें प्रमाण आपापलें असतें. लोणच्याची फोड जिभेवर ठेवतांच तें कोणत्या घरचें हें जाणत्या गृहिणीस कळतें, त्याप्रमाणें कांचेच्या एका कणाच्या पृथक्करणावरून तो कोणत्या डोंगराच्या पोटांतला हें रसायनवेत्ता सांगूं शकतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणहि थिजलेला लाव्हाच आहे. परंतु तो साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा असून त्यांत सिलिकेचें प्रमाण शेंकडा पन्नासच्या आसपास असतें. येथें ज्या राखेविषयीं आपण बोलत आहों तिच्यांत तें पाऊणशेंच्या घरांत जातें. तेव्हां घरची व परघरची वस्तु ओळखण्यांत चूक होण्याचा संभव नाहीं.

हें परघर म्हणजे सुमात्रा बेटाच्या उत्तर भागांतील टोबा सरोवर. त्याची लांबी सुमारें १०० किलोमीटर व रुंदी ३० किलोमीटर आहे. आज तेथें शांत निळें पाणी व मध्यें समोसीर नांवाचें हिरवें बेट दिसतें; पण हें सरोवर म्हणजे पोट रितें झाल्यावर वरचें छप्पर आंत कोसळून झालेला ज्वालामुखीचा खड्डा आहे. १८८३ सालीं क्राकाटोआ फुटला तेव्हां त्याचा आवाज ४८०० किलोमीटरांवरील रॉड्रिग्ज बेटांत ऐकूं गेला. १८१५ सालीं तांबोरा फुटला आणि दुसऱ्या वर्षीं युरोप-अमेरिकेच्या कित्येक भागांत उन्हाळाच आला नाहीं. टोब्याचा उद्रेक या दोहोंच्याहि कित्येक पट मोठा होता. त्यानें सुमारें २८०० घन किलोमीटर रस बाहेर फेंकला, असें १९८७ सालच्या एका गणितांत निघालें. मागील वीस लक्ष वर्षांत याच्या तोडीचे उद्रेक अगदीं विरळा झाले असतील. त्याची राख बंगालचा उपसागर ओलांडून सगळ्या भारतद्वीपकल्पावर पडली. ती मूळची कांहीं बोटेंच जाड असावी. परंतु पुढें पावसानें ती डोंगरउतारांवरून धुऊन आणली व नद्यांच्या डोहांत, वळणांत सांठविली. त्यामुळें कोठें वीतभर तर कोठें पुरुषभर उंचीचे पांढुरके थर आज दरडींतून दिसतात. मध्यप्रदेशांतील शोण नदीच्या खोऱ्यांत १९८० च्या सुमारास असे थर प्रथम ओळखले गेले, आणि मग आपल्या दख्खनच्या नद्यांकडे लक्ष वळलें.

अष्टविनायकांची यात्रा ज्यांनीं केली आहे अशा वाचकांना येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. मोरगांवचा मोरेश्वर कऱ्हा नदीच्या कांठीं आहे. ओझरचा विघ्नेश्वर कुकडीच्या कांठीं आहे. या दोन्ही नद्यांच्या दरडींत टोब्याची राख आहे. कुकडीच्या कांठीं, जुन्नर तालुक्यांत, बोरी म्हणून गांव आहे. तेथील राखेचा थर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत अभ्यासिला. मोरगांवच्या राखेचा शोध १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. आम्हीं स्वतः ती यात्रा दोनदां केली. नदीचें दर्शन घेतलें, हातपाय धुतले, मोदकांचा नैवेद्य दाखविला. पण समोरच्या दरडींत सुमारें ३२०० किलोमीटर उडत आलेली वस्तु असेल, हें मनांतहि आलें नाहीं.

बोरीस या राखेच्या खालच्या गोट्यांच्या थरांत आदिमानवाचीं हत्यारें मिळालीं: हातकुऱ्हाडी, फरश्या व दगडाचे मोठे छिलके. आतां राखेचें वय कळलें कीं काम झालें, असें वाटणें साहजिक होतें. पण येथेंच मोठा वाद सुरू झाला. १९८९ सालीं रवि कोरीसेट्टर, शीला मिश्रा, शरद राजगुरु प्रभृतींनीं जें पहिलें मापन जाहीर केलें, त्याप्रमाणें राख सुमारें १४ लक्ष वर्षांपूर्वींची ठरली. तसें असेल तर महाराष्ट्रांतील मनुष्याचा वास आशियाखंडांतील अतिप्राचीन वस्त्यांच्या पंक्तीस जाऊन बसतो. १९९५ सालीं अधिक सूक्ष्म रीतीनें मापन झालें, तें ६ लक्ष ७० हजार वर्षांचें आलें. दरम्यान १९९३ सालीं आचार्य व बसू या भूशास्त्रज्ञांनीं उलट पक्ष मांडला कीं, भारतांतील ही सर्व राख एकाच, म्हणजे सुमारें ७५ हजार वर्षांपूर्वींच्या उद्रेकाची आहे. आणि १९९८ सालीं वेस्टगेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांचेची परीक्षा करून तोच निर्णय दिला. एकाच दरडींतील एका थराचें वय एकानें चौदा लाख सांगावें व दुसऱ्यानें पाऊण लाख सांगावें, ही तफावत सामान्य माणसास विलक्षण वाटेल. तथापि दोन्ही पक्षांचे लोक हातांतील यंत्रें जाणणारे व प्रामाणिक होते. मग फरक पडतो कोठून?

याचें एक उत्तर मापनाच्या रीतींतच आहे. खडकांतील पोटॅशियमचा एक प्रकार अत्यंत सावकाश आर्गॉन वायूंत पालटत असतो. रस तप्त असतांना जुना वायु निघून जातो. रस थिजला कीं नवा वायु आंत सांठूं लागतो. सांठलेला वायु मोजला कीं थिजल्याचा काळ निघतो. परंतु राख जर नदीनें वाहून आणलेली असेल, तर तिच्यांत वाटेवरची माती व वाळू मिसळणारच, आणि आपल्या मुलखांतील वाळू म्हणजे साडेसहा कोटि वर्षांच्या काळ्या पाषाणाचा चुरा! वीस वर्षांच्या शंभर तरुणांत हजारों वर्षांचा एक मार्कंडेय आणून बसविला तर सरासरी वय काय येईल, याचा वाचकांनींच हिशेब करावा. केवळ समजुतीसाठीं दोहोंतील पोटॅशियमचें प्रमाण सारखें धरलें, तर शंभरांत दोनच भाग काळ्या पाषाणाचे मिसळल्यानें ७४ हजारांचे तेरा लाखांहून अधिक होतात. आमच्या नारळीच्या आळ्यांत जुन्या राखेनें नव्या टोपणास जुनें करून दाखविलें; येथें जुन्या वाळूनें नव्या राखेस जुनी करून दाखविलें असावें, असा हा आक्षेप आहे.

पण दुसरा पक्षहि अजून निरुत्तर झालेला नाहीं. टोबा एकदांच फुटला असें नाहीं. सुमारें आठ लक्ष वर्षांपूर्वींहि त्याचा एक प्रचंड उद्रेक झाला होता, आणि एकाच घरच्या दोन पिढ्यांच्या लोणच्यांची चव जवळजवळ सारखीच असावी तशी या दोन उद्रेकांची कांचहि पुष्कळशी सारखी आहे. बोरी व मोरगांव येथील राख त्या जुन्या उद्रेकाची आहे, असें शीला मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालींहि प्रतिपादन केलें. या वादांत आमच्यासारख्यानें निवाडा देऊं नये. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांस मान्य व्हावी. राख ७४ हजार वर्षांचीच ठरली तरी तिच्याखालचीं हत्यारें तेवढींच जुनीं ठरत नाहींत. आमचा तांब्याचा पैसा मुंजीपूर्वींचा ठरला. तो मुंजीच्या आदल्या दिवसाचा कीं शंभर वर्षांपूर्वींचा, हें राखेनें सांगितलें नव्हतें. राख ही कुलूप आहे. कुलपाच्या आंतील वस्तु केव्हां ठेवली तें तिला ठाऊक नसतें.

राखेची खरी कसोटी लागली ती आंध्र प्रदेशांत, ज्वालापुरम् येथें. नांव वाचून वाचकांस कौतुक वाटेल, पण तो योगायोगच म्हणावयाचा. पूर्वींच्या कर्नूल जिल्ह्यांतील जुरेरू नदीच्या खोऱ्यांत या गांवापाशीं टोब्याच्या राखेचा अडीच मीटर जाडीचा थर आहे. ती पांढरीशुभ्र व मऊ असल्यामुळें भांडीं घांसण्याच्या पुडीसाठीं लोक खणून नेत असत. पृथ्वीच्या इतिहासाचें एक पान अशा रीतीनें गृहिणींच्या मोरीवर झिजून गेलें. हंसूं येतें आणि वाईटहि वाटतें. त्या खाणींमुळेंच थर उघडे पडले, हेंहि खरें. तेथें मायकेल पेट्राग्लिया व धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठांतील रवि कोरीसेट्टर यांच्या पथकानें उत्खनन केलें आणि २००७ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. राखेच्या खालीं दगडी हत्यारें होतीं. राखेच्या वरहि दगडी हत्यारें होतीं. आणि दोहोंची घडण पुष्कळच मिळतीजुळती होती.

या एका वाक्याचें महत्त्व कळण्यास पूर्वपक्ष माहीत असावा लागतो. १९९८ सालीं स्टॅन्ली अँब्रोज या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानें असें मत मांडलें कीं, टोब्याच्या धुरानें व गंधकाच्या आवरणानें सूर्य झांकोळला, कित्येक वर्षें शीतकाल पडला, आणि मनुष्यजाति नष्ट होतां होतां कांहीं सहस्र व्यक्तींवर येऊन ठेपली. आपण सर्व त्या मूठभरांचे वंशज. आम्हीं हें आत्याबाईंना सांगितलें तेव्हां त्यांनीं हातांतली जपमाळ थांबवून विचारलें, “आणि आपल्याकडचीं माणसें? तीं वांचलीं ना?” पंडितांचाहि प्रश्न अक्षरशः हाच होता. सुमात्रेच्या राखेखालीं जो देश सर्वांत अधिक झांकला गेला त्यांत भारत होता. येथेंच माणसें मेलीं असतील तर तो सिद्धांत बळावतो, येथेंच वांचलीं असतील तर डळमळतो. ज्वालापुरम् सांगतें, वांचलीं. २०२० सालीं शोणेच्या खोऱ्यांतील धाबा येथील उत्खननाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तेथेंहि सुमारें ८० हजार वर्षांपासून ६५ हजार वर्षांपर्यंत हत्यारें करण्याची परंपरा तुटलेली दिसत नाहीं. हीं माणसें आपल्या जातीचीं कीं तिच्या अगोदरच्या एखाद्या जातीचीं, हें हाडांवांचून ठरत नाहीं; आणि भारतांत इतक्या जुन्या मानवाचीं हाडें अत्यंत दुर्मिळ, १९८२ सालीं नर्मदाकांठच्या हथनोरा येथें मिळालेली कवटी हाच काय तो मोठा ठेवा. शिवाय झाडोऱ्यावर कांहींच परिणाम झाला नाहीं असेंहि नाहीं. बंगालच्या उपसागरांतील गाळांत मिळालेल्या परागकणांवरून उद्रेकानंतर मध्य भारतांतील अरण्यें विरळ होऊन गवताळ माळ वाढले, असें २००९ सालच्या एका संशोधनांत दाखविलें आहे.

नदीच्या दरडीवर विसंबण्यांत जी अडचण आहे ती आतां ध्यानांत आलीच असेल. नदी राख धुते, हलविते, एकदां पुरलेलें पुन्हां उकरते. म्हणून विचारवंतांची दृष्टि गुहांकडे वळली. गुहेंत पाऊस शिरत नाहीं, पूर येत नाहीं. वाऱ्यानें आलेली धूळ, छतावरून गळालेले खडे, माणसानें टाकलेलीं हाडें व चुलींतील राख हीं सर्व वर्षानुवर्षें पानावर पान ठेवावें तशीं साचत जातात. भारतांत या कामाचा आरंभ फार लवकर झाला होता. कर्नूलकडील बिल्लासुर्गम् गुहांत रॉबर्ट ब्रूस फूट व त्यांच्या मुलानें १८८० नंतरच्या दशकांतच उत्खनन केलें होतें. आपल्या कोंकणांतहि गुहागर तालुक्यांत पालशेतजवळ सुसरोंडीची गुहा डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनीं खणली व तींत पुराश्मयुगीन हत्यारें दाखविलीं.

गुहेंतील राख बहुधा डोळ्यांना दिसतच नाहीं. शेंकडों कोसांवरून आलेले कण केसाच्या जाडीहूनहि बारीक असतात, आणि चिमूटभर मातींत दोन-चार मिळाले तरी भाग्य. यासाठीं संशोधक गुहेची माती वरपासून खालपर्यंत बोट-बोट अंतरानें उचलतात, आम्लानें धुतात, चाळणींतून गाळतात, आणि विशिष्ट घनतेच्या जड द्रवांत टाकून हलकी कांच तेवढी वर तरंगूं देतात. पाखडणें, निवडणें, निथळणें हीं कामें ज्या घरांत रोज चालतात त्या घरांत या रीतीचें फारसें नवल वाटणार नाहीं. मग प्रत्येक कण सूक्ष्मदर्शकाखालीं मोजला जातो. ज्या बोटावर कणांची संख्या एकदम वाढलेली दिसते, तो उद्रेकाचा क्षण. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंट येथें समुद्राकडे तोंड केलेला एक शैलाश्रय आहे. सुमारें ९००० किलोमीटरांवरच्या टोब्याची कांच त्या मातींत मिळाली, हें २०१८ सालीं जाहीर झालें. आणि तेथील वस्ती त्या रेघेच्या खालीं होती, रेघेंत होती, व तिच्या वरहि होती, किंबहुना वर अधिकच भरभराटलेली होती. समुद्राचे शिंपले खाऊन राहणाऱ्या त्या लोकांवर कोणतें संकट गुदरलें असल्याचें गुहेच्या मातींत दिसत नाहीं. युरोपांतहि असेंच घडलें. नेपल्सजवळ सुमारें ४० हजार वर्षांपूर्वीं जो महोद्रेक झाला, त्याची राख ग्रीसमधील फ्रांख्थी व लिबियांतील हौवा फ्तेआह या गुहांत ओळखण्यांत आली, आणि दूरदूरच्या गुहांतील घटनांचा क्रम त्या एका रेघेनें जुळविला गेला.

मग इतक्या मोठ्या उत्पातांतून ते लोक निभावले कसे? याचें थोडें उत्तर २०२४ सालीं इथिओपियांतून मिळालें. नील नदीस मिळणाऱ्या शिन्फा नांवाच्या ओढ्याकांठीं टोब्याच्या काळची एक वस्ती सांपडली. तेथेंहि टोब्याची कांच होती. उद्रेकानंतर हवा अधिक कोरडी झाली, ओढा आटून त्याचीं डबकीं उरलीं. आणि तेथील माणसें अधिक मासे खाऊं लागलीं, असें हाडांवरून दिसतें. आटत चाललेल्या डबक्यांत मासा धरणें सोपें असतें, हें आमच्या बाजूच्या कोणाहि मुलास माहीत आहे. पाणी आटलें तेव्हां त्यांनीं डबक्यांतले मासे धरले आणि पाण्यामागून पुढें सरकले. त्यांच्याजवळ धान्याचें कोठार नव्हतें, घरदार नव्हतें. म्हणूनच कदाचित् गमावण्यासारखेंहि थोडें होतें. तसला उद्रेक आज झाला तर आपल्या भरल्या शहरांना तो त्यांच्याइतका सोसेल कीं नाहीं, याची आम्हांस खात्री वाटत नाहीं.

एक विनंति वाचकांस करावीशी वाटते. हीं राखेचीं पानें सरकारी संग्रहालयांत नाहींत. तीं नदीच्या उघड्या दरडींत, कोणाच्या तरी शेताच्या बांधाखालीं आहेत. वाळू उपसली जाते, दरडी सपाट करून शेतें वाढविलीं जातात, बंधाऱ्याचें पाणी चढतें. आणि जें पान एकदां पुसलें जातें तें पुन्हां लिहितां येत नाहीं. यात्रेस गेल्यावर एखाद्या दरडींत पिठासारखी मऊ, पांढुरकी, बोटांत कांचेसारखी किंचित् खरखरणारी माती दिसली, तर ती खणूं नये. तिचें चित्र घ्यावें, शेजारीं कांहीं तरी मापाची वस्तु ठेवावी, जागा लिहून ठेवावी, आणि डेक्कन कॉलेजास अथवा जवळच्या महाविद्यालयांतील भूशास्त्राच्या अध्यापकास कळवावें. हलविलेल्या वस्तूचें मोल किती थोडें उरतें, हें बॉलपेनच्या टोपणानें आमच्या घरांत सर्वांना शिकविलें आहे.

खोलीचा पाया आतां भरला गेला. मुंजीच्या राखेची रेघ त्यांत गेली. ती राखून ठेवण्याइतकी मोठी आमची जागा नाहीं. मात्र सिमेंट पडण्याच्या आदल्या दिवशीं नातवानें रेघेस मोजपट्टी लावून तिचें छायाचित्र घेतलें. वर किती माती होती, खालीं किती, पैसा कोणत्या हातावर मिळाला, तें त्यानें एका वहींत मांडलें आणि वहीच्या पहिल्या पानावर आत्याबाईंकडून त्या मुंजीची तिथि विचारून लिहून घेतली. तिथि सांगतांना आत्याबाई म्हणाल्या, “बाळ, माझें नांवहि लिही. मीच एकटी उरलें आहें हें सांगायला.”